एक गळा, एक गिटार

पन्नास वादकांच्या साथीने गाणं अवघड, असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर गायकाचा खरा कस लागतो तो शेजारी एकच गिटार असताना.

जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि गिटारवादक जो पास यांचा ‘टेक लव्ह ईझी’ हा अल्बम ऐका. १९७३चं रेकॉर्डिंग. एला तेव्हा ५६ वर्षांची. १९३४ साली न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमधल्या हौशी गायकांच्या स्पर्धेतून पुढे आली आणि ड्रमर चिक वेबच्या बँडपासून ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गजरातच वाढली. ‘टेक लव्ह ईझी’मध्ये तिचा आवाज तरुणपणीचा राहिलेला नाही. जरा जाड झालाय, लांबवलेला सूर शेवटाकडे किंचित थरथरतो. मागे व्हायोलिनांचा ताफा बसवला असता तर यातलं काही कळलंही नसतं. निर्माते नॉर्मन ग्रांझ यांनी मात्र जो पास सोडून कुणालाच घेतलं नाही. आणि मला तरुण एलापेक्षा हीच एला जास्त आवडते. शब्द आता स्वतः जगून आल्यासारखे येतात.

जो पासचं काम तर बारकाईने ऐकावं असं आहे. ऐन उमेदीची वर्षं व्यसनात गेलेला हा माणूस. त्यातून उठला आणि गिटारवर असा बसला की अंगठ्याने बेस, म्हणजे खालचे सूर, चालवायचा, उरलेल्या बोटांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायच्या आणि मधूनच सुरावटही काढायची. एवढा हात असूनही एला गात असते तेव्हा तो अगदी मोजकं वाजवतो. तिने श्वास घेतला की त्या जागेत दोन-चार सूर टाकतो आणि लगेच बाजूला होतो. आपल्याकडे चांगल्या पेटीवाल्याचं कौतुक करतो ना आपण, तीच समज.

फरक एवढाच, की आपल्या मैफलीत तानपुरा अखंड चालू असतो. गायक थांबला तरी सूर थांबत नाही, खाली तबल्याचा ठेका असतो. इथे दोन्ही नाही. गिटारची तार छेडली की तिचा नाद विरायला लागतो, आणि तो विरला की खोलीत काहीच उरत नाही. त्या रिकाम्या जागेत पुढचा सूर नेमका लावायचा! याच अल्बममधलं ‘लश लाइफ’ ऐकताना हे फार जाणवतं. बिली स्ट्रेहॉर्नची ती चाल पावलापावलाला वळणं घेते, बांधलेली लय नाही, तरी दोघं बरोबर एकत्र पोहोचतात. एकमेकांचा श्वास ऐकल्याशिवाय हे जमणारच नाही.

म्हणूनच हल्ली ‘अनप्लग्ड’ (म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय) नावाखाली कीबोर्ड, काहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) आणि वर लॅपटॉपवरचा ट्रॅक ऐकवतात तेव्हा वाईट वाटतं. गाणारी मुलं गुणी असतात हो. त्यांच्या आवाजाला कुणी मोकळी जागाच देत नाही. आयोजकांनो, वर्षातून एक संध्याकाळ तरी छोट्या सभागृहात, दोनच माणसांची ठेवा. तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेन.

या जोडीने स्टुडिओत असे चार अल्बम केले, शेवटचा १९८६चा ‘ईझी लिव्हिंग’. सुरुवात मात्र पहिल्यापासूनच करा, आणि हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर जोच्या अंगठ्याचा बेस ऐकूच येत नाही. मराठीत कुणी एका गिटारवर असं मनापासून गात असेल तर नावं कमेंटमध्ये नक्की टाका, मला ऐकायचंय.