डर्ट बाइकला लाइट-हॉर्न लावून पासिंग होत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रायडर मंडळींमध्ये गेले काही महिने डर्ट बाइकबद्दल, म्हणजे माती-चिखलात चालवण्यासाठी बनवलेल्या मोटरसायकलबद्दल, एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो आहे. त्याचा आशय असा : ‘डर्ट बाइक घ्या, तिला हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न आणि आरशांचा किट बसवा, स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करा, कस्टम्सची पावती जोडा आणि आरटीओत पासिंग करून घ्या. नंबर येईपर्यंत डोंगरात आणि कच्च्या रस्त्यावर चालवायला काहीही लागत नाही.’ या मजकुरावर विसंबून लोक लाखांच्या गाड्या घेतात आणि नंतर त्या पार्किंगमध्ये झाकून ठेवतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत एका मुलाने अशीच एक सेकंडहँड मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरील शर्यतीची, गाडी आणली. मी ती जवळ बसून पाहिली. तिला किल्ली नाही, बॅटरी नाही, स्पीडोमीटर नाही. हँडलवर इंजिन बंद करण्याचे एक लाल बटण तेवढे आहे. साइड स्टँडही नसल्यामुळे ती लोखंडी तिकाटण्यावर उभी करावी लागते, आणि टायरच्या बगलेवर तो हमरस्त्यासाठी नसल्याचे इंग्रजीत कोरलेले आहे. विकणाऱ्याने त्याला किट विकला आणि तीन कागद दिले : बिल, कस्टम्सच्या कागदाची प्रत आणि ॲफिडेव्हिट. तिन्ही कागद खरे होते, पण नोंदणीसाठी जो कागद लागतो तो त्यांत नव्हता.

पहिले विधान किटचे आहे, आणि खरी गफलत तिथेच आहे. गाडी रस्त्यालायक आहे की नाही, हे आरटीओच्या दारात दिवा पेटतो का एवढे पाहून ठरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेलचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती मान्यता मॉडेलला मिळते, तुमच्या-माझ्या एका गाडीला नाही. त्या आधारावर उत्पादक किंवा अधिकृत आयातदार फॉर्म २२ देतो, म्हणजे ही गाडी प्रदूषण, सुरक्षा आणि रस्त्यावरील वापर यांच्या मानकांत बसते असा दाखला. नोंदणीच्या अर्जासोबत विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि विमा यांच्या जोडीला हा दाखला लागतोच, आणि तो किट विकणारा दुकानदार देऊ शकत नाही.

शिवाय किटमध्ये जे येते ते मानकांतले सर्वांत सोपे असते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाची पूर्तता करावी लागते. म्हणजे सायलेन्सरमधला, धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ पकडणारा कॅनिस्टर आणि या सगळ्याशी जुळवलेले इंजिनाचे ट्यूनिंग. १२५ सीसीच्या वरच्या रस्त्यावरील दुचाकीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारा गार्डही नियम १२३ मध्ये सांगितला आहे, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो. शर्यतीसाठी घडवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाला हे सगळे नंतर जोडून चाचणी पार करणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी कावासाकीच्या दोन गाड्यांकडे पाहावे. केएलएक्स २३० ही भारतात रस्त्यासाठी विकली जाते. केएलएक्स २३० आर एस ही फक्त ट्रॅकसाठी. नावात साम्य, घराणे एक, पण पहिलीला नंबर मिळतो आणि दुसरीला मिळत नाही. स्वतः कंपनी, तिचे अभियंते आणि डीलर हाताशी असताना जी गाडी नोंदवली जात नाही, ती चार दिवे आणि दोन आरसे लावून आपण कशी नोंदवणार?

दुसरे विधान कस्टम्सचे. न्हावाशेवा बंदर नवी मुंबईला इतके लागून आहे की ‘पोर्टवरून सोडवलेली गाडी’ हे शब्द ऐकले की लोकांना सगळे कायदेशीर वाटू लागते. कस्टम्सचा कागद मात्र एवढेच सांगतो की माल रीतसर देशात आला आणि त्यावरचे शुल्क भरले गेले. शर्यतीची गाडी शर्यतीची गाडी म्हणून आणली असेल तर ती आयात वैध असू शकते, पण त्यामुळे ती रस्त्याची होत नाही. नियम ४७ मध्ये आयात गाडीसाठी कस्टम्सचा दाखला मागितला आहे, पण तो इतर कागदांच्या सोबत, त्यांच्या बदली नव्हे.

ॲफिडेव्हिटबद्दल थोडक्यात सांगता येईल. मालकाने शपथेवर काहीही लिहिले तरी ते चाचणी संस्थेच्या मान्यतेची जागा घेत नाही. ‘बदल मंजूर करून घेतो’ असे म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाचावे. ते नोंदणी झालेल्या गाडीतील बदलांविषयी आहे, आणि तिथेही उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. जिची नोंदणीच नाही त्या गाडीत बदल मंजूर करून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘डोंगरात काही लागत नाही’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. कायद्यातील सार्वजनिक जागा म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट किंवा जागा त्यात येते. खारघरच्या डोंगरावर पहाटे चालायला जाणारे आजी-आजोबा ज्या वाटेने जातात ती वाट त्यातच मोडते. येऊरचे जंगल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो. विनानोंदणी गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड होतो आणि कलम २०७ प्रमाणे गाडी जप्त होऊ शकते. दंड भरून माणूस सुटतो, पण विमा नसताना कोणाला धडक बसली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो, आणि त्यात घर विकावे लागू शकते. मुलांच्या हातात छोटी डर्ट बाइक देणाऱ्या पालकांनी कलम १९९अ लक्षात ठेवावे : अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पंचवीस सीसीपर्यंतच्या दुचाकीला मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे खरी, पण पन्नास किंवा एकशे दहा सीसीची गाडी केवळ दिसायला लहान असल्यामुळे त्या सुटीत बसत नाही.

विजेवरच्या डर्ट बाइकला नोंदणी नको, हेही याच पठडीतले आहे. ती सवलत पाव किलोवॅटहून कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरहून कमी वेगाच्या गाडीला आहे.

‘मग अमक्याच्या गाडीवर एमएच ०४ चा नंबर कसा?’ असा प्रश्न मलाही विचारला गेला, फोटोसकट. मी तो नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला, तर समोर रोजच्या वापरातली एक शंभर सीसीची मोटरसायकल आली. भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर किंवा चेसिस क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढवणे ही पळवाट नाही, तो फसवणुकीचा आणि बनावटगिरीचा गुन्हा आहे. कधी कधी मात्र ती गाडी खरीच नोंदवलेली असते : हिरोच्या एक्सपल्ससारखी रस्त्यासाठीच बनवलेली, फक्त उंच मडगार्ड आणि गुठळ्यांचे टायर लावल्यामुळे शर्यतीची वाटणारी. परदेशी व्हिडिओंमध्ये किट लावून गाडी नोंदवलेली दिसते तीही खोटी नसते. अमेरिकेतील काही राज्यांत तशी सोय आहे. ती सोय आपल्याकडे नाही.

ज्याला मातीतही जायचे आहे आणि रोज ठाणे-बेलापूर रस्त्यानेही जायचे आहे, त्याने एक्सपल्स, रॉयल एनफिल्डची हिमालयन किंवा केएलएक्स २३० घ्यावी. ज्याला खरी मोटोक्रॉस गाडीच हवी आहे त्याने ती जरूर घ्यावी, पण ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवून खाजगी ट्रॅकवर न्यावी. घेण्याआधी विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारावी : या चेसिस क्रमांकाचा फॉर्म २२ आहे का? आमच्या सोसायटीतल्या मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा गाडी घेऊन चार महिने झाले होते, आणि विकणाऱ्याने त्याला आणखी एक ॲफिडेव्हिट करून आणायला सांगितले.