कर्णबधिर शाळेतील नोंदी : दोन आक्षेपांना सविस्तर उत्तर

सविनय नमस्कार.

कर्णबधिर शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती संगणकावर एकत्र ठेवावी, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मूल म्हणजे डेसिबलचा आकडा नव्हे आणि रकाने भरण्यात शिक्षकाचा वेळ जातो, हा पहिला. इतकी नाजूक माहिती एका ठिकाणी आली की ती कोणाच्याही हाती लागेल, हा दुसरा. मूल शाळा सोडून गेल्यावर या नोंदींचे काय होते, असेही आपण विचारले आहे. आपण अनेक वर्षे विशेष शिक्षक म्हणून काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एकटा आकडा फार थोडे सांगतो, हे मला पूर्ण मान्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे बोलण्याच्या वारंवारितांमध्ये दोन्ही कानांना ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर ती व्यक्ती कर्णबधिर ठरते. प्रमाणपत्राला तेवढे पुरते, वर्गाला पुरत नाही. परंतु एकाच मुलाचे तीन-चार वर्षांचे ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या वारंवारितेचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो हे दाखवणारे आलेख, शेजारी ठेवले की वेगळेच काही दिसू लागते. मी काम करतो त्या शाळेत एका मुलीचे वर्गात लक्ष नसते, अशी तक्रार दोन वर्षे चालू होती. तिचा एक अहवाल प्रवेश अर्जाला टाचलेला होता, दुसरा आरोग्य तपासणीच्या फायलीत आणि तिसरा आईने घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. तिन्ही टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा उजव्या कानाच्या गोल खुणांची रेषा दर वेळी खाली सरकलेली, म्हणजे ऐकणे आणखी कमी झालेले दिसले. १००० हर्ट्‌झला ७० डेसिबलवर ऐकणारी मुलगी ९० पर्यंत पोहोचली होती आणि श्रवणयंत्र मात्र अजून पहिल्याच अहवालाप्रमाणे जुळवलेले होते. तिच्या वर्गशिक्षिकांना त्या दिवशी रडू आवरले नाही.

रकाने मोजकेच हवेत, हे आपले म्हणणे रास्त आहे. मी त्यांत श्रवणयंत्राचा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग) शेवटचा कधी बदलला ती तारीख आवर्जून ठेवतो, कारण मूल वाढते तसा मोल्ड सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते आणि मूल ते काढून दप्तरात टाकते. घरात सांकेतिक भाषा कोणाला येते, हा रकानाही मी सोडणार नाही. तिथे ‘कोणालाही नाही’ असे असेल, तर ते मूल सायंकाळपासून सकाळपर्यंत कोणाशी बोलते, हा प्रश्न शिक्षकासमोर उभा राहतो.

दुसऱ्या आक्षेपात माझी चूक आपण बरोबर दाखवली आहे. संपूर्ण तक्त्याचा दुवा सर्व शिक्षकांना पाठवावा, असे मी लिहिले होते. ते वाक्य मी काढले आहे. वर्गशिक्षकाने आपल्या वर्गापुरतेच पाहावे. मात्र कागद अधिक सुरक्षित आहे, हे मला पटत नाही. यंत्रवाटपाच्या कार्यक्रमाआधी मुलांची नावे, फोटो आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी यांची यादी देणगीदारांना व्हॉट्सॲपवर पाठवली जाते, ती बहुधा कागदी रजिस्टरचाच फोटो असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. आपल्या शाळांमधले काही पालक स्वतः कर्णबधिर असतात. त्यांच्यापुढे मराठी मजकुराचा कागद ठेवून सही घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे. तो मजकूर भारतीय सांकेतिक भाषेत समजावून सांगायला आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्यायला शाळेने वेळ काढलाच पाहिजे.

शाळा सोडल्यानंतरच्या नोंदींबद्दल माझे मत असे, की दाखल्यासोबत सर्व ऑडिओग्राम, यंत्राचे तपशील आणि युडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक यांची एक फाईल विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती द्यावी आणि शाळेने नियमाने लागते तेवढेच जवळ ठेवावे. यंदा दहावी झालेल्या मुलांना आम्ही तशा फायली दिल्या आहेत. वर उल्लेख केलेली मुलगी त्यांत होती, आणि तिच्या फायलीत ते तिन्ही अहवाल तारखेप्रमाणे लावलेले आहेत.