‘ना द्राक्षं, ना देवमासे, ना सिंह’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काका,

दोन तारे दिलेत, ते मान्य. पण मजकुरात जे लिहिलंय त्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो वाचून कालपासून नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात फोन येतायत. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मे महिन्यात काका-काकू आमच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेला आले होते. केप टाउनहून गाडीने द्राक्षमळे, मग समुद्रकिनारा आणि शेवटी अ‍ॅडोचं हत्तींचं अभयारण्य. तक्रारी अशा की वेलींवर द्राक्षं नव्हती, हर्मानसला देवमासा दिसला नाही, सिंहही दिसला नाही, गेटवर संत्री काढून घेतली, रोज दिवेलागणीलाच हॉटेलात आणून टाकलं, आणि दुसरा ग्रुप सिंहाच्या बछड्यांबरोबर फोटो काढत होता तिथे आम्ही नेलंच नाही. सबब निम्मे पैसे परत.

आधी द्राक्षं. काकूंचं माहेर दिंडोरीचं, त्यामुळे घडांशिवाय मळा त्यांना ओकाबोका वाटला असणार. पण नाशिकचा वेल आणि केपचा वेल यांचं वेळापत्रक वेगळं. आपल्याकडे वेल झोपेल अशी थंडी पडत नाही, म्हणून तो दोनदा छाटावा लागतो: एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरात गोड्या बहाराची (घडांसाठी). केप टाउनजवळच्या स्टेलेनबॉश-फ्रान्शुककडे पानं गळून वेल हिवाळाभर (तिकडे जून ते ऑगस्ट) खरोखरच झोपतो. तेव्हा एकदाच छाटणी, सप्टेंबरच्या सुमाराला नवी फूट, आणि तोडणी जानेवारीअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मे म्हणजे तिकडे पानगळ. तुम्ही ज्याला ‘वाळलेलं रान’ म्हणालात ती लाल-पिवळी झालेली पानं होती. मला विचाराल तर त्या डोंगरांखाली मळा मे महिन्यात दिसतो तसा तोडणीतही दिसत नाही, पण ही आवड माझी.

जी वाइन ‘कडवट’ लागली ती पिनोटाज. पिनो न्वार आणि सॅन्सो या दोन जातींचा संकर करून 1925 मध्ये तिथेच तयार केलेलं द्राक्ष आहे, म्हणून मुद्दाम चाखायला दिली. न पिणाऱ्यांना द्राक्षरस दिला होता. काकूंनी दोनदा घेतला!

आता देवमासे. हर्मानसच्या उपसागरात येणारे साउदर्न राइट जातीचे देवमासे अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यातून विणीसाठी येतात. जूनपासून यायला लागतात, नोव्हेंबरपर्यंत असतात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर कड्यावर नुसतं उभं राहिलं तरी दिसतात. मे महिन्यात एखादा चुकार दिसला तर दिसला. ऑगस्टात ऐरोलीच्या खाडीवर जाऊन ‘फ्लेमिंगोंचे थवे कुठायत’ असं आपण विचारतो का? तसंच हे. द्राक्षांच्या दिवसांत देवमासे नसतात आणि देवमाशांच्या दिवसांत वेलीवर घड नसतात. दोन्ही एकाच खेपेत दाखवतो असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. सहलीआधीच्या बैठकीत महिन्यांचा हा तक्ता छापून सगळ्यांच्या हातात दिला होता, आणि तरी मुलांच्या सुट्टीमुळे मे ठरला. सुट्टीचं गणित मला कळतं. ठाण्यातल्या निम्म्या घरांचं तेच असतं.

मे महिन्यात जे मिळतं तेही सांगायला हवं. बोल्डर्स बीचवर तेव्हा पेंग्विनांची घरटी भरलेली असतात. लाकडी पुलावरून हाताच्या अंतरावर अंड्यावर बसलेली मादी तुम्ही पाहिलीत, गाढवासारखं ओरडणं ऐकलंत, व्हिडिओ ग्रुपवर टाकलात. हा आफ्रिकन पेंग्विन 2024 मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. सार्डिन आणि अँकोव्ही मासे पुरेसे मिळत नाहीत, हे त्याचं मोठं कारण. अभिप्रायात त्याला एक ओळसुद्धा मिळाली नाही, याचं वाईट वाटलं.

संत्र्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण ‘गेटवरच्या लोकांनी खाण्यासाठी घेतली’ असं तुम्ही लिहिलंय. 1931 मध्ये अ‍ॅडो सुरू झालं तेव्हा तिथे फक्त 11 हत्ती उरले होते. शेजारीच संत्र्यांच्या बागा. हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून त्यांना अभयारण्यातच संत्री टाकायचे. 1954 मध्ये ट्रामचे रूळ आणि लिफ्टच्या तारा वापरून भक्कम कुंपण घातलं, तरी ही सवय पुढे बरीच वर्षं चालली. हत्तींना संत्र्यांचा असा नाद लागला की वासावर गाड्यांच्या मागे लागायचे. म्हणून आजही संत्रं, मोसंबी, लिंबू काहीही आत न्यायला बंदी आहे. तुमच्या पिशवीत किलोभर संत्री होती. आज तिथे 600 हून जास्त हत्ती आहेत आणि पाणवठ्यावर तुमच्या खिडकीपासून दोन गाड्यांच्या अंतरावर कळप उभा होता. ड्रायव्हर रस्त्यात थांबला तो ‘शेणकिड्यासाठी’, हेही खरंच आहे. तिथल्या उडता न येणाऱ्या शेणकिड्याला रस्त्यावर पहिला हक्क आहे, तशी पाटीच आहे.

सिंह अ‍ॅडोत 2003 मध्ये बाहेरून आणून सोडले. मोजकेच आहेत, आणि झुडपं इतकी दाट की दहा पावलांवर बसला तरी दिसायचा नाही.

बछड्यांच्या फोटोबद्दल मात्र मी ठाम आहे. अशा ठिकाणी पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून तोडतात, बाटलीने वाढवतात आणि पर्यटकांच्या मांडीवर देतात. मोठं झालं की मांडीवर घेता येत नाही. मग त्यातले कित्येक कुंपणाच्या आत पैसे भरून येणाऱ्या शिकाऱ्यांच्या वाट्याला जातात. 2021 मध्ये तिथल्या सरकारनेच सिंहांची ही बंदिस्त पैदास बंद करायचं धोरण जाहीर केलं. आमची गाडी तिथे थांबणार नाही, एक तारा मिळाला तरी.

साडेपाचला हॉटेल, कारण मे महिन्यात तिकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि अंधारात त्या रस्त्यांवर जनावरं आडवी येतात. घोडबंदर रोडला रात्री अकराला जेवायला निघायची सवय तिथे चालत नाही. केप अगुल्हासला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, दोन महासागरांमधली रेघ दिसली नाही, तर ती पाण्यात नसतेच. हद्द नकाशावर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दोन रंगांचा फोटो तिथला नव्हे.

निम्मे पैसे परत देता येणार नाहीत. ठरलेलं प्रत्येक ठिकाण झालं. स्टॉर्म्स रिव्हरची बोट समुद्र खवळल्यामुळे रद्द झाली होती, तिचे पैसे तुमच्या खात्यात जमा झालेत. अभिप्रायात ते लिहायचं राहिलं, तेवढं जोडलंत तर बरं.

दिवाळीच्या तारखा विचारणाऱ्यांसाठी: दिवाळी ऑक्टोबरात असेल तर देवमासे बहुतेक दिसतील, नोव्हेंबरात सरकली तर कमी. द्राक्षं दोन्ही वेळा नसतील. ज्यांना घडच बघायचेत त्यांनी शाळेला दांडी मारून फेब्रुवारीत चला.