पाच-सहाच्या खाली बास्केटबॉल नाही म्हणे!

"उंची पाच फूट सहा इंचांच्या खाली असेल तर मुलींनी बास्केटबॉलमध्ये वेळ घालवू नये," अशा सुरुवातीचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली पाच मुद्दे, आणि त्यांच्याही खाली उंची वाढवायच्या पावडरीचा नंबर. मी तो वाचलाही नसता. पण तेरा वर्षांच्या भाचीनं तो मला पाठवला आणि विचारलं, "मामा, मी सोडू काय बास्केटबॉल?" फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावात बास्केटबॉलला आधीच पोरी कमी. आहेत त्यांनाही असं पळवायचं असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

पहिला मुद्दा, "रिबाउंड उंच खेळाडूचाच." रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल पकडणं. डेनिस रॉडमन, उंची सहा फूट सात इंच. १९९१-९२ ते १९९७-९८ सलग ७ मोसम एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड त्याचे. शकील ओनील, डेव्हिड रॉबिन्सन, हकीम ओलाजुवान, पॅट्रिक युइंग ही सात फुटी मंडळी त्याच काळात त्याच लीगमध्ये खेळत होती. आता कुणीतरी म्हणणारच, "सहा-सात म्हंजे आमच्या गल्लीत ताडच की!" असू दे. ज्यांच्या हातून तो बॉल काढत होता त्यांच्यात तो ठेंगणाच होता. कुणाचा शॉट हुकला की बॉल कुठं उडतो, याचा त्यानं अभ्यास केला होता.

आणि बॉक्स आउट नावाची गोष्ट या मेसेजवाल्यानं ऐकलीय का? शॉट सुटला की बॉलकडं बघत उभं राहायचं नाही. आधी आपली प्रतिस्पर्धी शोधायची, तिला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून खाली बसायचं. खासबागेत कुस्त्या बघितलेल्या माणसाला खाली बसलेला पैलवान हलवणं किती अवघड, हे सांगावं लागत नाही. एनबीएत हुकलेल्या शॉटचे साधारण तीन चतुर्थांश रिबाउंड डिफेन्स करणाऱ्या संघालाच मिळतात. ते काय दरवेळी उंच असतात? रिंग आणि समोरचा खेळाडू यांच्या मधली जागा त्यांनी आधीच धरलेली असते, एवढंच.

"डिफेन्स म्हणजे ब्लॉक," म्हणजे सुटलेला शॉट हातानं हवेतच अडवणं. नाही. बहुतेक शॉट ब्लॉक होतच नाहीत. ते अवघड केले जातात. पाय सरकवून वाट अडवायची, मैत्रीण चुकली तर हेल्पला धावायचं. मग्सी बोग्स पाच फूट तीन इंचांचा होता आणि एनबीएत १४ मोसम टिकला.

"पास करत बसणारा संघ हरतो, बॉल स्टारला द्या." २०१४ची एनबीए फायनल बघा. सॅन अँटोनियोनं लेब्रॉन जेम्सच्या मायामीला ४-१ नं हरवलं ते बॉल फिरवून फिरवून. त्या साखळी मोसमात सॅन अँटोनियोचा एकही खेळाडू सामन्यामागे सरासरी ३० मिनिटंही खेळला नव्हता, भार सगळ्यांत वाटलेला होता.

"उंची असली तर फायदा होतो." होतो, बाबा. रिंग ३.०५ मीटरवर आहे, आणि बाकी सगळं सारखं असेल तर उंच मुलगीच वरचढ ठरणार. पाचांतला हा एक मुद्दा दिला तुम्हाला. पण त्यातून "बाकीच्यांनी येऊच नये" हे कुठनं निघालं?

पाचवा मुद्दा मात्र संतापजनक आहे. म्हणे बारला लटका, रात्रीच्या जेवणाऐवजी पावडर घ्या, सहा महिन्यांत चार इंच वाढाल. पुरावा काय, तर बास्केटबॉलच्या मुली उंच असतात! अहो, उंच मुलींना संघात निवडतात म्हणून त्या तिथं दिसतात. उंची बरीचशी आईवडिलांकडून येते. हाडांच्या टोकांना वाढीचे भाग असतात, ते वयात आल्यावर काही वर्षांत बंद होतात, आणि कुठलीही पावडर ते परत उघडत नाही. लटकल्यानं मणक्यांमधल्या चकत्या जरा सैलावतात आणि थोड्या वेळात पुन्हा दबतात. वाढत्या पोरीचं रात्रीचं जेवण तोडणं हा तर सरळ तिच्या वाढीवरच घाला. तिला भाकरी, आमटी, अंडं आणि पुरेशी झोप द्या. खरंच काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडं न्या. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं.

भाचीला सांगितलंय, सोडायचं नाही. आणि ज्या काकांनी हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला त्यांनी निदान तो पावडरीचा नंबर तरी आजच्या आज डिलीट करावा.