पूर बघायला जमणारी गर्दी

2005, 2019, 2021: कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर आल्या की सांगली-कोल्हापुरात उंचावर राहणारी कितीतरी माणसे चित्रफिती काढायला पुलांवर लोटतात, आणि ज्यांच्या घरांत पाणी शिरले आहे ते आपल्याच गावचे शेजारी आहेत, याचे भान त्या गर्दीला राहत नाही, याचा मनस्वी संताप येतो. पाणी ओसरल्यावर घरातला चिकट गाळ खोऱ्याने उपसायचा असतो, भिजून कुजलेले धान्य फेकायचे असते, गाद्या आणि मुलांची दप्तरे उन्हात काढायची असतात. पण तेव्हा (राबणारे थोडे स्वयंसेवक सोडले तर) कुणी फिरकत नाही. वर फाटक्या कपड्यांची गाठोडी पाठवली जातात! अहो, त्यांना पिण्याचे पाणी, खराटे, फिनेल आणि गाळ उपसणारे हात हवे असतात.