‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

‘गेमबॉइज’ या फिलिपिन्सच्या मालिकेच्या एकेका भागावर मी जे लिहितोय त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. एरवी दोन ओळींत आभार मानून मी मोकळा होतो. या वेळी तसं जमणार नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. मी लिहितो ती समीक्षा नसून भक्तिभाव आहे. फिलिपिन्सची कुठलीही बीएल (‘बॉइज लव्ह’, म्हणजे दोन मुलग्यांच्या प्रेमाची) मालिका असो, माझ्याकडून तिला चार तारे ठरलेले. टागालोग ही तिथली भाषा येत नसताना मी सबटायटलं वाचून मतं ठोकतो. या मालिकांत बायकी चालीचे मित्र फक्त हशा पिकवायला असतात आणि नायक दोघेही देखणे, मर्दानी, कॉन्डोत (म्हणजे पॉश फ्लॅटमध्ये) राहणारे, यावर मी अवाक्षर काढत नाही. शेवटी काय होतं ते मी आधीच सांगून टाकतो. आणि मग हे वाक्य: “लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकोनांत दोन पोरं बोलतात, कॅमेरा जागचा हलत नाही, याला तुम्ही दिग्दर्शन म्हणता?” समारोप असा: “या वयात हे लिहिणं म्हणजे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तुमचा यात नक्की इंटरेस्ट काय, ते तरी कळू द्या.”

स्पष्टवक्ते, स्पष्टच बोलायचं तर आधी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. माझा इंटरेस्ट काय, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही, म्हणून उत्तर देत नाही. ‘हो’ म्हटलं तर तुम्ही म्हणणार, म्हणूनच आवडतं. ‘नाही’ म्हटलं तर म्हणणार, मग तुम्हाला काय कळणार. दोन्हीकडून तुमचंच खरं. असला प्रश्न विचारून वर ‘चर्चा अपेक्षित आहे’ असं लिहायला धाडस लागतं, ते तुमच्याकडे भरपूर आहे. स्वतःचं नाव लिहायचं मात्र राहून गेलेलं दिसतं.

आणि वयाचं काय? पन्नाशी उलटलेल्या माणसाने दर रविवारी क्रिकेटवर लिहिलं तर त्याला कुणी तुंबड्यांची म्हण ऐकवत नाही. जुन्या हिंदी गाण्यांवर तर सबंध पुरवण्या निघतात. वीस वर्षांच्या दोन मुलांनी एकमेकांवर जीव लावला आणि ते मी बघितलं की लगेच वय आठवतं. असो. (असो म्हणतोय, पण मला हे लागलं आहे, ते लपवत नाही.)

एक मुद्दा मान्य. शेवट आधी सांगण्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. यापुढे तसा मजकूर असेल तर आधी इशारा देईन. लगेच देतो: खाली ‘गेमबॉइज’मधल्या एका मृत्यूचा उल्लेख आहे.

आता ते दिग्दर्शनाचं वाक्य. ते वाचून माझा चहा गार झाला.

२०२० च्या मार्चमध्ये फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, म्हणजे जिथे मनिला आहे तिथे, कडक टाळेबंदी लागली. शूटिंगं बंद. मे महिन्याच्या ५ तारखेला तिथली सगळ्यात मोठी वाहिनी, एबीएस-सीबीएन, परवान्याच्या वादात प्रक्षेपण थांबवून बसली. थायलंडच्या ‘टूगेदर’ या बीएल मालिकेने फिलिपिनो प्रेक्षकांना आधीच वेड लावलेलं होतं. म्हणजे प्रेक्षक घरात, नट घरात, आणि मागणी तयार. अशा वेळी पर्सी इन्तालान आणि जून रोब्लेस लाना यांच्या ‘आयडियाफर्स्ट’ कंपनीने २२ मे २०२० ला ‘गेमबॉइज’ यूट्यूबवर आणली. फुकट. दिग्दर्शक इव्हान अँड्र्यू पायावाल. कायरोच्या भूमिकेत एलायजा कानलास, गॅव्हरीलच्या भूमिकेत कोकोय दे सान्तोस. नट आपापल्या घरी, दिवे आणि कॅमेरा त्यांनीच लावायचा, दिग्दर्शक व्हिडिओ कॉलवरून सांगणार. आपल्याकडे मराठीतही त्या उन्हाळ्यात कलाकारांनी घरूनच शूट केलेली मालिका आली होती. तेव्हा काय अडचणी असतात हे कुणी वेगळं सांगायला नको. पण मी सवलत मागत नाहीये. सवलत दिली असती तर तीन तारे दिले असते.

कॅमेरा हलत नाही म्हणता. बरोबर आहे, तो लॅपटॉपला चिकटवलेला असतो. म्हणून काय हलतं ते बघा ना! गोष्ट सुरू होते ती ऑनलाइन गेम खेळणारा कायरो एका अनोळखी खेळाडूकडून हरतो तिथून. हरवणारा गॅव्हरील मग मेसेज टाकायला लागतो. कायरोच्या पडद्यावर एकाच वेळी गेम, चॅट आणि दुसऱ्या कॉलची खिडकी असते. कुठली खिडकी कधी उघडली, कुठली घाईने मिटली, कुठला मेसेज वाचूनही उत्तराविना ठेवला, यात आख्खा प्रसंग घडतो. नाटकात पात्रांना रंगमंचावर हलवतात, त्याला तुम्ही दिग्दर्शन म्हणाल. इथे खिडक्या हलवतात.

दुसरं, नजर. व्हिडिओ कॉलवर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्याला तुम्ही खाली बघताय असं दिसतं, आणि भिंगाकडे बघितलं तर त्याचा चेहराच तुम्हाला दिसत नाही. नटासाठी ही शिक्षाच आहे. कानलास त्या शिक्षेचा उपयोग करून घेतो. गोडीगुलाबीत असताना त्याचे डोळे चौकोनात असतात, घरचा विषय निघाला की चौकोनाच्या बाहेर कुठेतरी. त्याचे वडील कोविडने इस्पितळात आहेत आणि पुढे जातात. हे सगळं त्या न हलणाऱ्या कॅमेऱ्यासमोर घडतं. अशा वेळी पॅन करून, झूम करून, मागे व्हायोलिन लावून काय साधलं असतं, ते तुम्ही सांगा. याच कानलासला ‘कालेल, १५’ या चित्रपटासाठी गावाद उरियनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळालाय. फिलिपिन्सच्या समीक्षकांचा पुरस्कार आहे तो, माझ्यासारख्या भक्तांचा नव्हे. आणि ‘गेमबॉइज’ला २०२१ मध्ये टीव्हीच्या आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचं नामांकन होतं. तिथेही कुणाला दिग्दर्शन कळत नसावं.

तिसरी गोष्ट तुमच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण त्यासाठी त्या देशाचा टीव्ही थोडा बघावा लागतो. दोन चौकोनांतलं प्रेम फिलिपिन्सला टाळेबंदीने शिकवलं नाही. २०१५ मध्ये ‘ईट बुलागा’ या दुपारच्या कार्यक्रमात आल्डेन रिचर्ड्स आणि मेन मेंडोझा यांची जोडी जमली, ‘आल्डब’ म्हणून. पडद्याचे दोन भाग केलेले. एका बाजूला तो स्टुडिओत, दुसऱ्या बाजूला ती, बाहेर वस्तीत. ती बोलायचीसुद्धा नाही, रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर ओठ हलवायची. त्या दोघांना भेटू द्यायचं नाही, यावर ती कथा महिनोन् महिने चालली. २४ ऑक्टोबरला त्यांचा कार्यक्रम फिलिपिन अरीनात झाला तेव्हा दिवसभरात ४ कोटी १० लाख ट्विट पडले. ज्या प्रेक्षकाने हे बघितलंय, त्याला दोन चौकोन म्हणजे गरिबी वाटत नाही. मधली रेघ कधी पुसली जाईल, याची तो वाट बघतो. पायावाल यांनी ती रेघ शेवटाकडे येईपर्यंत पुसली नाही. मी याला दिग्दर्शन म्हणतो. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ‘सबटायटलं वाचून मतं ठोकतो’ याचं उत्तर त्यात आहे.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरी बोटीवरची, इंजिन रूममध्ये. एकही फिलिपिनो माणूस नसेल अशी मालवाहू बोट क्वचितच सापडेल. त्यांच्या हातचा आदोबो (व्हिनेगर-सोया सॉसमध्ये शिजवलेलं मटण-चिकन) मी खाल्लाय, त्यांच्या कराओकेपायी झोपेचं खोबरं करून घेतलंय, आणि शिव्या, पगार आणि जेवण या तीन विषयांपुरतं टागालोग मला उत्तम येतं. सबटायटल वाचतोच. कुरोसावाचे सिनेमे बघताना तुम्ही जपानी शिकला होतात का?

२०२० मध्ये मी बोटीवर अडकलो होतो. करार संपलेला, पण बंदरात उतरू देत नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास बोटीवरची माणसं अशी लटकलेली होती. किनारा जवळ आला, सिमकार्डाला रेंज आली की सगळे आपापल्या केबिनमध्ये फोन लावून बसायचे. फिलिपिन्समधल्या इलोइलोचा एक तरुण ऑइलर (इंजिनाला तेलपाणी करणारा) होता. कॉलच्या आधी तो बॉयलर सूट काढून इस्त्रीचा शर्ट चढवायचा, खाली हाफ पँट तशीच. केसांना पाणी लावायचा. फोन दोन पुस्तकांवर उभा करून बंकवरचा पसारा दिसत नाही ना, हे आधी पडद्यावर स्वतःकडे बघून तपासायचा. मग एक पुस्तक काढून फोन जरा खाली घ्यायचा, म्हणजे छताला लावलेली ओली मोजी दिसायची नाहीत. बायकोने काय बघायचं आणि काय नाही, हे तो ठरवत होता. त्याचाच फोन पुढे मेसमध्ये फिरला. त्यात डाउनलोड केलेले ‘गेमबॉइज’चे भाग होते. सुरुवातीला टिंगल झाली, नंतर बोसनही (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) खुर्ची ओढून बसायला लागला. कायरो कॉल घेण्याआधी नीटनेटका होतो तेव्हा मेसमध्ये कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाने त्याच दिवशी तेच केलं होतं.

तुम्ही ती मालिका कुठे, कशी बघितली मला माहीत नाही. बघितली की नाही, याचीही शंका आहे. ‘दोन पोरं बोलतात’ या वाक्यातून पहिल्या भागापलीकडे गेल्याचं दिसत नाही.

उरलेलं पटकन. ताऱ्यांबद्दल: चार तारे मी आवडलेल्यालाच देतो, आणि न आवडलेल्यावर लिहीतच नाही, एवढा वेळ कुणाला आहे? ‘हॅलो स्ट्रेंजर’ या तिथल्याच मालिकेलाही दिले, ‘गाया सा पेलिकुला’ या मालिकेलाही देणार. त्यावरून गणित मांडायचं असेल तर खुशाल मांडा.

हशा पिकवणाऱ्या मित्रांबद्दल आणि कॉन्डोबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, ‘मॅक्सिमो ओलिव्हेरोस’चा दाखलाही दिलाय, की २००५ मध्ये मनिलाच्या वस्तीतल्या बारा वर्षांच्या मुलावर असा चित्रपट निघू शकतो, मग पंधरा वर्षांनी हे गुळगुळीत चेहरे कशाला. तो चित्रपट मलाही प्रिय आहे. पण तो चित्रपट आहे, आणि ही दर आठवड्याला येणारी मालिका आहे. झोपडपट्टीतलं जगणं पडद्यावर आणणारा लिनो ब्रोकासारखा दिग्दर्शक ज्या देशात होऊन गेला त्या देशाला आपण कुठला चेहरा दाखवावा हे शिकवायला नको. शिवाय ‘गाया सा पेलिकुला’ लिहिणारा हुआन मिगेल सेव्हेरो स्वतः उघडपणे समलिंगी आहे. त्यात भाड्याची सोय म्हणून एका छताखाली आलेली दोन मुलं आहेत, एक स्वतःबद्दल ठाम आणि दुसरा घाबरलेला. सगळ्यांना एकाच माळेत ओवायचं आणि मीच सगळ्यांना एकसारखं जोखतो म्हणायचं, हा कुठला न्याय? या विषयावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. आज नाही.

नटांच्या जोड्या कंपन्या विकायला जमवतात, हेही तुम्ही कंसात टाकलंय. जमवतातच. नोरा ऑनोर आणि तिर्सो क्रूझ या सत्तरच्या दशकातल्या जोडीच्या काळापासून जमवतात. त्यावर पण आज नको.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, तशीच राहील. दोन जणांनी ती काढायला सांगितलं होतं, त्यांनाही हेच कळवलंय. पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा, फक्त मालिकेबद्दल लिहा. माझ्या वयाबद्दल आणि इंटरेस्टबद्दल लिहिलेलं यापुढे छापणार नाही.

येत्या रविवारी ‘पर्ल नेक्स्ट डोअर’ सुरू करतोय. ‘गेमबॉइज’मधल्या पर्लची स्वतंत्र गोष्ट, यात प्रेम मुलींमधलं आहे. शेवट सांगणार नाही. तारे किती ते तुम्हाला माहीतच आहे.