एक दिवसाची लेन्स आठवडाभर कशी पुरवावी

डेली डिस्पोजेबल लेन्स म्हणजे सकाळी पाकीट फोडायचं, डोळ्यात घालायची, रात्री काढून कचऱ्यात टाकायची, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते तुमच्याआमच्यासाठी नाहीये. ते अशा लोकांसाठी आहे जे श्रीखंड संपलं की श्रीखंडाचा डबा खरंच फेकून देतात. आपल्या घरात त्या डब्यात आधी इडलीचं पीठ जातं, मग खोबऱ्याच्या वड्या, मग टाचण्या-बटणं, आणि झाकण हरवलं की त्यात पुदिन्याची काडी रुजत घातली जाते, आणि अशा घरात वाढलेल्या माणसाला कोणीतरी सांगतंय की शंभराच्या आसपासची जोडी सकाळी घाल आणि रात्री टाकून दे. रोज! बरं एवढे पैसे घातले तर वस्तू निदान चारचौघांत दिसली तरी पाहिजे, ही तर दिसतच नाही, उलट दिसली नाही म्हणजे छान बसली म्हणतात.

तेव्हा पैसे वसूल करायचे असतील तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात खरेदीपासून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे अजिबात फिरकायचं नाही. ते काय करणार, त्या स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला लावणार, कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या त्या पारदर्शक काचेचा, बाक मोजणार, ट्रायल लेन्स घालून बाहेर बाकड्यावर बसवणार, परत आत बोलावून डोळे मिचकावल्यावर लेन्स किती हलते ते बघणार (थोडी हलली पाहिजे म्हणे, अजिबात हलली नाही तर घट्ट आणि भटकली तर सैल), आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने घालता-काढता आल्याशिवाय सोडणार नाहीत. अर्धी सुट्टी वाया. त्यापेक्षा दोन वर्षांपूर्वीच्या चष्म्याच्या नंबरचा कागद पाकिटात चार घड्या घालून असतोच, त्याचा फोटो काढायचा आणि ऑनलाईन ऑर्डर टाकायची. तिथे बेस कर्व्ह आणि डायमीटर, म्हणजे लेन्सचा बाक आणि रुंदी, विचारतील. 8.5 का 8.6, 14 का 14.2, काय फरक पडतो, मिलिमीटरचे एक-दोन दशांश तर आहेत, कापडवाला याहून जास्त मारतो. जी डिस्काउंटमध्ये असेल ती टाका कार्टमध्ये.

आणि चष्म्याचा नंबर वेगळा, लेन्सचा नंबर वेगळा, ही डॉक्टर मंडळींनी उगाच उठवलेली आवई आहे. कारण काय देतात, तर चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असते आणि लेन्स थेट डोळ्यावर, म्हणून नंबर 4 च्या पुढे गेला की हिशोब बदलतो, चष्मा मायनस 6 असेल तर लेन्स मायनस साडेपाचच्या आसपास येते. तुम्ही मायनस 6 च घ्या. त्याच पैशात अर्धा नंबर जास्त मिळतोय, सोडायचा कशाला? संध्याकाळी कपाळ ठणकलं तर ऑफिसवर ढकलता येतं. सिलिंडरचा नंबर असेल, म्हणजे कॉर्नियाचा बाक सगळीकडे सारखा नसेल, तर टोरिक नावाची खास लेन्स लागते, ती अजून महाग, तर सिलिंडर सरळ विसरून जायचं. रात्री हायवेला समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांना शेपट्या फुटतात, तेवढं सोडलं तर काही नाही.

मग तो मटेरियलचा घोळ. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं, म्हणून त्याला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून, अश्रूंमधून घ्यावा लागतो. वर लेन्स बसली की तो लेन्समधून झिरपत येणार, आणि साध्या हायड्रोजेलपेक्षा (मऊ लेन्सचं पाणी धरणारं प्लास्टिक) सिलिकॉन हायड्रोजेलमधून तो बराच जास्त येतो. एसीत बारा तास स्क्रीनकडे टक लावून बसणाऱ्या माणसाने खरं तर घेण्याआधी हेच विचारायला पाहिजे, स्क्रीनसमोर पापणी मिटायचं प्रमाण तसंही कमी होतं आणि लेन्स सुकते. पण आपण खोक्याचा रंग आणि बाय वन गेट वन बघून ठरवणारी माणसं, आपल्याला एवढं खोलात जायची सवय नाही.

कोणी नाक मुरडलं की लेन्समध्ये कसला जुगाड करताय, तर त्यांना इतिहास सांगायचा. मऊ लेन्सचा जन्मच जुगाडातला आहे. ओट्टो विख्टर्ले म्हणून झेक रसायनशास्त्रज्ञ, सरकारने प्रकल्पातून अंग काढून घेतलेलं, तर या गृहस्थाने 1961 च्या नाताळात घरच्या घरी मुलांच्या मेर्कुर नावाच्या जोडायच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून, सायकलचा डायनामो लावून एक फिरतं यंत्र बनवलं आणि त्यावर पहिल्या 4 लेन्स काढल्या. आज जगभर लोक जी मऊ लेन्स घालतात तिचं मूळ तिथलं. त्यांनी जुगाड केला लेन्स बनवायला, आपण करायचा पुरवायला, एवढाच काय तो फरक. त्यांना रसायनशास्त्र येत होतं हा दुसरा फरक, तो मोजू नका.

आता मुख्य मुद्दा, रात्रीचा मुक्काम. डेली लेन्सला सोल्यूशन लागत नाही, डबी लागत नाही, रोज सकाळी निर्जंतुक पाकिटातून कोरी करकरीत निघते, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आणि त्यासाठीच आपण जास्त पैसे मोजलेले असतात. तर या गुणाला आधी फाटा द्यायचा. रात्री काढली की टाकायची नाही, चटणीच्या वाटीत पाणी घेऊन त्यात सोडायची. नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा एक जीव असतो, टाकीत, विहिरीत, स्विमिंग पूलमध्ये सगळीकडे सापडतो, प्यायलो तर पोटाला काही करत नाही, पण लेन्सला चिकटून कॉर्नियापर्यंत पोचला की तिथे बस्तान मांडतो, आणि वेळ आली की स्वतःभोवती कवच करून बसतो, मग क्लोरीनही त्याला दाद लागू देत नाही. दुखणं असं की उजेडाकडे बघवत नाही आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. पण तुमच्याकडे फिल्टर आहे ना! फिल्टरचं पाणी घ्या. निर्जंतुक तर तेही नसतं, शिवाय साध्या पाण्याने लेन्स फुगते आणि डोळ्याला गच्च चिकटते, म्हणजे पडायची भीती गेली. प्रवासात पाणीसुद्धा नसेल तर लेन्स जिभेवर ठेवून ओली करायची. मिसळ खाऊन झाल्यावर नको, तेवढं तारतम्य ठेवा.

साठवण्यात खरी बाजी मारली ती इंग्लंडमधल्या एका 67 वर्षांच्या बाईंनी. सोलिहलच्या हॉस्पिटलात मोतिबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या, भूल द्यायला डॉक्टरांनी पापणी उचलली तर आत निळसर गोळा, सुटा करून बघितला तर 17 लेन्स, आणि नीट शोधल्यावर अजून 10. एका डोळ्यात 27! बाईंना वाटत होतं डोळा खुपतोय तो वयामुळे आणि कोरडेपणामुळे. 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलंय. त्यांच्या लेन्स महिन्याच्या होत्या हे खरं, पण ध्येय मोठं असावं. (लेन्स डोळ्यामागून मेंदूत जाते ही मात्र निव्वळ अफवा, मागे जायला वाटच नाही, पापणीच्या आतल्या घडीत अडकते फार तर. घाबरून नखाने उकरू नका असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.)

घालताना हात धुवायचे का? ठेचा कुटला असेल तर धुवा, नाहीतर पहिल्याच मिनिटाला तुम्हाला स्वतःलाच पटेल. साबणाने धुऊन बाथरूमच्या टर्किशला पुसायचे म्हणजे एक बारीकसा धागा बोटावरून लेन्सवर आणि लेन्सवरून डोळ्यात जातो, मग डोळा लाल झाला की लेन्सला आणि कंपनीला शिव्या देता येतात. लेन्स बोटावर धरून उजेडात बघायची असते, कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर सुलटी आणि बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. एवढं कोण बघतंय, उलटी घातली तर दिवसभर टोचेल, म्हणजे तुम्ही काहीतरी घातलंय याची आठवण राहील. पैसे दिलेत, आठवण तर राहिलीच पाहिजे.

आता नवरीकडे वळू, कारण या विषयातलं सगळ्यात भारी काम लग्नाच्या हॉलवर चालतं. पहाटे पाचला नवरीच्या खोलीत बारा बायका, तीन आरसे, एकच प्लग पॉइंट. मेकअपवाल्या ताईंच्या पॅकेजमध्ये लेन्स फ्री असते, ग्रे किंवा हेझल, कारण आपले काळे डोळे फोटोत उठून दिसत नाहीत असा शोध अलीकडेच लागलेला आहे. ताईंच्या पेटीत एक डबी असते, तिच्यातली जोडी मागच्या रविवारच्या नवरीने घातलेली, त्याच्या मागच्या गुरुवारच्या नवरीनेही. नंबर झिरो आहे, त्यामुळे डॉक्टरचा संबंधच काय, असं सगळ्यांचं एकमत होतं (झिरो नंबरची लेन्ससुद्धा डोळ्याच्या मापाचीच लागते आणि दुसऱ्याच्या डोळ्यातले जंतू घेऊन येते हे त्या खोलीत बोलणारा माणूस दाराबाहेर चहा वाटत असतो). लेन्स आधी आणि मेकअप नंतर असा साधा क्रम, पण इथे फाउंडेशन झालं, काजळ झालं, पापण्या चिकटवून झाल्या, केसांवर स्प्रे मारून झाला आणि मग कोणालातरी आठवतं, अगं लेन्स! त्याच स्प्रेच्या बोटांनी ताई पापणी वर ओढतात, नवरीने आयुष्यात कधी लेन्स घातलेली नाही, ती डोळा घट्ट मिटते, काजळ गालावर, मावशी ओरडते फोटोग्राफर आलाय, तिसऱ्या झटक्याला लेन्स आत. मग होमाचा धूर, अक्षता, स्टेजवरचे हॅलोजन. उखाणा घेताना डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि सासरचे म्हणतात किती हळवी आहे पोरगी. खरी मजा रात्री. गृहप्रवेश झाला, माप ओलांडलं, एक वाजला, आणि आता लेन्स काढायची कशी हे घरात कोणालाच माहीत नाही, कारण ताई दुपारच्या जेवणानंतरच पुढच्या ऑर्डरला गेल्या. सासूबाई यूट्यूब लावतात, नणंद मेंदीच्या हाताने चिमटा काढायला बघते, शेवटी सगळे मिळून ठरवतात, राहू दे आता, सकाळी बघू.

सकाळी बघू, हे आपलं राष्ट्रीय धोरण आहे. लेन्स घालून झोपलं की मिटलेल्या पापणीखाली आधीच कमी असलेला ऑक्सिजन अजून कमी होतो, अश्रूंची ये-जा थंडावते, आणि जंतूंना उबदार ओली जागा मिळते. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते की झोपेत लेन्स ठेवल्याने गंभीर इन्फेक्शनचा धोका 6 ते 8 पट होतो. अमेरिकेतल्या लोकांचं होत असेल. आपली दुपारची डुलकी मुळात झोपेत धरतच नाहीत, लोकलमध्ये कर्जतपर्यंत लागलेली तर नाहीच नाही.

पावसाळ्यात भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाण्यात बसायला लेन्स घालूनच जा, चष्म्यावर पाणी उडतं ना. गावच्या विहिरीत सूर मारायचा तोही लेन्स घालूनच. गणपतीत ढोलपथकात पुढे उभं राहून गुलाल घ्या, होळीला रंग घ्या, लेन्स गुलाल धरून ठेवते आणि निवांत दिवसभर डोळ्याला पुरवते. खरं तर डेली लेन्सच अशा दिवशी सोयीची, खराब झाली तर काढून टाकता येते आणि घरी यायला चष्मा असतो पिशवीत, पण पिशवीत चष्मा ठेवणं म्हणजे लेन्स घेऊन काय केलं मग?

एवढं सगळं नीट पाळलंत तर एक दिवस डोळा लाल होणार. लेन्स काढायची नाही. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाहीये, धूसर दिसतंय, यातलं एकही लक्षण दिसलं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असतं, म्हणून आपण फॅमिली ग्रुपवर विचारायचं. काकू गुलाबपाणी सांगतील, आत्या मध सांगेल, आणि मामा थेट मेडिकलवाल्याकडे घेऊन जातील, तो तुमच्याकडे न बघता ड्रॉपची बाटली काउंटरवर ठेवेल. त्यात स्टेरॉईड असलं तर फारच उत्तम, दोन दिवसांत लाली उतरते आणि घरात सगळे म्हणतात बघ, उगाच डॉक्टरकडे पाचशे-हजार घातले असते, आणि आतमध्ये इन्फेक्शन, त्यातून बुरशीचं असलं तर, निवांत पसरत राहतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी शेवटी जालच डॉक्टरकडे. ते विचारतील लेन्स किती वेळ घालता, तर म्हणायचं, कधीतरी, फंक्शनला. झोपताना काढता ना, तर मान अशी हलवायची की होही नाही आणि नाहीही नाही. वापरलेली लेन्स आहे का, तपासणीला पाठवू, म्हणाले तर सांगायचं टाकून दिली, आयुष्यात पहिल्यांदा टाकलेली असते ती नेमकी हीच. मग कॉर्नियावर अल्सर, म्हणजे जखम, आहे म्हणतील आणि ड्रॉप लिहून देतील, सुरुवातीला दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. म्हणजे अकराला लेन्स काढायचा ज्याला कंटाळा होता तो माणूस आता दोनला, तीनला, चारला मोबाईलच्या अलार्मवर उठतोय, बायको टॉर्च धरून उभी आणि पोराला विचारतेय हे निळ्या झाकणाचं आधी का पांढऱ्या. लेन्स अर्थातच बंद, महिनोन्‌महिने, त्यामुळे चष्मा लागणार, आणि तो घरभर शोधल्यावर कळणार की गेल्या गॅदरिंगला भाच्याला आजोबांची भूमिका मिळाली होती तेव्हा तुम्हीच दिला होता, आता मला काय करायचाय म्हणून, आणि त्याने एक काच काढून टाकलीय, त्याला दिसत नव्हतं ना.